भिशी तिसऱ्या महिन्यात उचलणारे मिस्टर आणि शेवटपर्यंत थांबणारी बायको

पत्र असं आहे, थोडं काटछाट करून देतेय.

"मावशी नमस्कार. मी सोलापूरच्या साखर पेठेतून लिहितेय. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे सहा लूम म्हणजे माग आहेत, टॉवेल काढतो. सूत आमचं आम्ही घेतो आणि माल व्यापाऱ्याला देतो, पैसे यायला ७५-९० दिवस, कधी त्याच्याही पुढं. मिस्टर लिलाव भिशीत आहेत, २० जण, महिन्याला ५ हजार, म्हणजे १ लाखाची. दर महिन्याला जो सगळ्यात कमी रकमेला तयार होतो तो उचलतो. नवी भिशी सुरू झाली की दरवेळी म्हणतात, या खेपेला दहाव्या महिन्याच्या आत हात लावणार नाही, आणि दरवेळी तिसऱ्या नाहीतर चौथ्या महिन्यात बोली लावून मोकळे. मागच्या भिशीत तिसऱ्या महिन्यात ७४ हजाराला उचलली, २६ हजार सोडले! आधीच्या दोन वेळा ते पैसे सुताला तरी लावले, कारण उधारीवर सूतवाला महिन्याला शेकडा अडीच धरतो. या वेळी दिवाळीनंतर दोन पार्ट्यांचे पैसे अडकले होते आणि यांनी त्यातले ४० हजार मोबाईलवर शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये घातले, ३१ हजार गेले. आता म्हणतात नवी भिशी लवकर उचलतो आणि रिकव्हर करतो. मी म्हणते शेवटपर्यंत थांबा, पूर्ण लाख हातात येतात. नऊ वर्षांचा मुलगा पण बापावरच गेलाय, खाऊचे दहा रुपये संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. मध्ये घरात नड होती म्हणून त्याच्या गल्ल्यातले ८४० काढले होते, तेव्हापासून तर तो गल्ल्याकडं बघतही नाही. या दोघांना धीर धरायला कसं शिकवू? भिशीच्या वहीचा फोटो जोडलाय."

अगं, आधी वहीबद्दल शाबासकी, कारण इतकी पत्रं येतात पण आकडे कुणी पाठवत नाही, सगळे फक्त "फार नुकसान होतंय" एवढंच लिहितात. मी एका बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी काऊंटरवर, त्यामुळं वही दिसली की मला राहवत नाही, रात्री चहा करून बसले आणि सगळी मांडली.

तर बघ. २० महिन्यांत बोलीतून सुटलेले पैसे वाटून येतात त्यामुळं प्रत्येकानं १ लाख न भरता ८६,७०० भरलेत. मिस्टरांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत १२,३०० भरले होते आणि ७४ हजार उचलले, म्हणजे खरं पाहिलं तर हातात बाहेरचे पैसे आले ६१,७००. पुढच्या १७ महिन्यांत त्यांनी भरले ७४,४००. वर गेले १२,७००. हे महिन्याला शेकडा दोन रुपयांच्या आसपास पडतं, दोनच्या किंचित वर. तू २६ हजार सोडले म्हणून कपाळाला हात लावतेस पण ते २६ हजार वीस जणांत वाटले गेले, त्यात तुमचाही वाटा होता आणि बाकीच्यांनी नंतर सोडलेल्यातलाही वाटा तुम्हाला मिळत राहिला. आता तूच लिहिलंयस की सूतवाला उधारीला शेकडा अडीच धरतो. म्हणजे आधीच्या दोन वेळाही बोली साधारण अशीच गेली असेल तर भिशी उचलून सूत रोखीनं घेतलं तेव्हा तुझ्या मिस्टरांनी अडीचचं कर्ज दोनवर आणलं की! त्याला उतावळेपणा म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. बँकेत ओव्हरड्राफ्ट मिळाला असता तर त्याहून स्वस्त पडलं असतं ही गोष्ट खरी, पण तो लगेच मिळत नाही हेही तुला मला दोघींना माहीत आहे.

आणि आता तुझी बाजू, जरा राग येईल. तू म्हणतेस शेवटपर्यंत थांबा, पूर्ण लाख मिळतात. मिळतात. ८६,७०० भरून १ लाख, म्हणजे १३,३०० सुटतात, महिन्याला शेकडा दीड-पावणेदोन. कुठल्या बँकेत मिळतं गं इतकं? कुठंच नाही. मग हे जास्तीचं कशाचं मिळतंय? थांबण्याचं थोडं आणि धोक्याचं पुष्कळ. लिलाव भिशीत पहिले उचलणाऱ्याला भिशी फुटण्याची भीतीच नसते, त्याचे पैसे खिशात, फुटली तर त्याचे हप्ते वाचले असाच प्रकार. विसाव्या नंबरवर बसलेल्या माणसाला मात्र बाकी एकोणीस जण आणि चालक, सगळ्यांनी शेवटपर्यंत नीट वागायला लागतं. मी सांगते ना, मी स्वतः अठराव्या नंबरला बसले होते, १९९० च्या दशकात, चालक ओळखीचाच होता, घरी येऊन दिवाळीचा फराळ खाऊन गेलेला माणूस, पंधराव्या महिन्यात एका रात्री बायकोपोरांसकट गायब. दिवसा मी लोकांना एफडीचे फॉर्म भरून देत होते आणि संध्याकाळी हे! घरी सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे तुम्हा दोघांच्यात धीर असलेली आणि धीर नसलेला असं काही नाहीये, मिस्टर उशिराला भितात म्हणून पैसे सोडतात, तू पैसे सोडायला भितेस म्हणून धोका घेतेस. आणि धोका घेतेय हे तुला दिसत नाही कारण वाट बघणं हे आपल्याकडं शहाणपणाचं समजतात.

आता थोडं शास्त्र, कारण नुसतं मी म्हणते म्हणून तू ऐकणार नाहीस आणि ऐकूही नकोस.

तू लिहिलंयस की ते दरवेळी आधी म्हणतात दहाव्याच्या आत हात लावणार नाही आणि मग तिसऱ्यातच उचलतात. तुला ते खोटं बोलल्यासारखं वाटतं. मला वाटतं ते दोन्ही वेळा खरंच बोलतात. १९७२ मध्ये हॉवर्ड रॅचलिन आणि लिओनार्ड ग्रीन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर एक प्रयोग केला होता. एक बटण दाबलं की लगेच २ सेकंद दाणे खायला मिळायचे, दुसरं दाबलं की ४ सेकंद थांबायचं आणि मग ४ सेकंद खायला मिळायचं, म्हणजे थांबलं तर दुप्पट. दोन्ही बटणं समोर असताना कबुतरं जवळजवळ दरवेळी लगेचवाल्यावर चोच मारायची. मग त्यांनी काय केलं, आणखी एक पायरी आधी टाकली. त्या पायरीवर एक बटण असं होतं की ते दाबलं तर थोड्या वेळानं पुढं फक्त थांबायचं आणि दुप्पट घ्यायचं एवढंच उरायचं, लगेचवाला पर्यायच बंद. आणि मधलं अंतर वाढवत नेलं तशी तीच कबुतरं हे स्वतःला बांधून घेणारं बटण दाबायला लागली! कबुतर तेच, दाणे तेच, फक्त निवड कधी करायची ती वेळ बदलली. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचं आठव, महिनाभर आधी सगळे बसणार असतात आणि खाली तिकिटाच्या रांगेत उभं राहिलं की निम्म्यांची पोटं दुखायला लागतात, जवळ आल्यावर गोष्टीचं वजनच वेगळं लागतं.

याला गणितही आहे. जेम्स मेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मांडलेलं, मिळणाऱ्या गोष्टीची किंमत उशिरानं कशी घसरते त्याचं. त्यातली गोम इतकीच की ही घसरण सारखी नसते, सुरुवातीच्या थोड्याशा उशिराला किंमत धाडकन पडते आणि पुढं पुढं हळूहळू. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना विचारलं होतं, आज १५ डॉलर मिळणार आहेत, ते नंतर घ्यायचे तर किती पाहिजेत? मधलं उत्तर आलं तीन महिन्यांनी ३०, वर्षानं ६०, तीन वर्षांनी १००. म्हणजे पहिल्या तीनच महिन्यांच्या थांबण्याला दुप्पट मागितले आणि पुढच्या पावणेतीन वर्षांना त्या मानानं काहीच नाही. हिशोबानं बघितलं तर वेडेपणा आहे, पण आपण सगळे असेच आहोत, मीसुद्धा धनत्रयोदशीला पाच महिन्यांनी पिकणारी एफडी मोडून बांगड्या केल्यात, तेही व्याज किती बुडणार ते स्वतः मोजून!

म्हणून नवी भिशी सुरू होताना दहावा महिना आणि तिसरा महिना दोन्ही लांब दिसतात तेव्हा मिस्टरांना दहाव्यातली मोठी रक्कम बरी वाटते. तिसरा महिना उजाडला, लिलावाला बसले, समोर ७४ हजार, तेव्हा दहावा महिना कुठल्या कुठं गेला. तू त्यांना लिलावाच्या दिवशी सकाळी भांडून थांबवायला जातेस ना, ती सगळ्यात चुकीची वेळ आहे. एक महिना आधी बोल. आणि नुसतं बोलू नको, बटण दाबून घे, म्हणजे कसं ते पुढं सांगते.

आता ऑप्शनचं. हे मला भिशीपेक्षा जास्त गंभीर वाटतं आणि तू ते पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंयस.

तू एक फार कामाची गोष्ट लिहिलीस, दिवाळीनंतर दोन पार्ट्यांचे पैसे अडकले होते. आधीच्या दोन वेळा अडकले नव्हते, तेव्हा पैसे सुताला गेले. या वेळी अडकले आणि ऑप्शनमध्ये गेले. १९८० मध्ये टॉमस कॅरॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंको नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यावर प्रयोग केले. एका बाजूला ठरलेले दाणे, दुसऱ्या बाजूला कधी जास्त कधी काहीच नाही पण सरासरी तेवढीच. पोट भरण्याइतकं मिळतंय अशी परिस्थिती असली की पक्षी ठरलेले दाणे घ्यायचे. भूक, आणि ठरलेल्या दाण्यांवर भागणारच नाही अशी वेळ आणली की तेच पक्षी जुगाराच्या बाजूला जायचे. यात मूर्खपणा नाही बरं का. ठरलेलं घेऊन रात्र निघणारच नसेल तर नशीब आजमावणं हाच एक रस्ता उरतो. मिस्टरांना त्या वेळी समजा सव्वा लाख द्यायचे होते आणि हातात ७४ होते, तर ७४ चे ७४ नीट ठेवून उपयोग काय असं त्यांच्या डोक्यात आलं असणार. त्यांनी तसं शब्दांत म्हटलं नसेल, पण विचारून बघ.

आणि त्यात पैशाची टंचाई असली की डोकंही नीट चालत नाही असं एका अभ्यासात दिसलंय. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास आला, त्याच माणसांची ऊस जायच्या आधी आणि बिल हातात आल्यावर अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली, तर बिल यायच्या आधी तीच माणसं कमी पडली. माणूस तोच, फक्त खिसा रिकामा. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही आणि लूमवाल्यांना तर मुळीच नाही. नव्वद दिवस चेकची वाट बघणाऱ्या माणसानं रात्री साडेअकराला मोबाईलवर घेतलेला निर्णय कसा असणार?

मग ३१ हजार गेले, आणि आता "रिकव्हर करतो". हा शब्द ऐकला की मला काऊंटरवरचे किती चेहरे आठवतात! डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये लोकांना विचारलं होतं, नक्की ३००० घेणार की ४००० मिळायची ८० टक्के शक्यता घेणार? १०० तल्या ८० जणांनी नक्कीचे ३००० घेतले. मग तोच प्रश्न उलटा केला, नक्की ३००० घालवणार की ४००० जायची ८० टक्के शक्यता घेणार? आता ९२ टक्के लोक जुगाराला तयार. मिळवायचं असलं की आपण सावध आणि गेलेलं परत आणायचं असलं की बेधडक, एकच माणूस. तुझे मिस्टर स्वभावानं जुगारी आहेत असं मला वहीवरून तरी दिसत नाही, ते तोट्यात बसलेले आहेत आणि तोट्यात बसून पुढची बोली लावायला निघालेत.

ऑप्शनमधून रिकव्हर होईल का, तर आकडा सरळ सांगते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून जास्त साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास, खर्च धरून. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नको. जेवण झाल्यावर शांतपणे दाखव, आणि ३१ हजार गेले ते गेले असं तूच आधी म्हण. तू जोपर्यंत दर दोन दिवसांनी त्या ३१ चा विषय काढतेस तोपर्यंत ते खातं त्यांच्या डोक्यात उघडं राहणार आणि उघडं खातं मिटवायलाच माणूस परत जातो. वहीत लिही, "बुडीत", तारीख टाक, सही कर, पान उलट. खरंच सांगते, बँकाही असंच करतात!

आता करायचं काय ते.

नवी भिशी लागतेय ना, तर पहिला लिलाव व्हायच्या आधी एका रविवारी दोघं बसा. कुठल्या महिन्यात सुताला किती लागणार हे त्यांनाच विचार, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. मग बोलीचा तळ ठरवा, किती रुपयाच्या खाली जायचं नाही तो आकडा, महिन्यागणिक, वहीत लिहा. आकडा ठरवायला सोपी रीत, शेकडा अडीचच्या उधारीपेक्षा महाग पडत असेल तर उचलायची नाही, स्वस्त पडत असेल आणि सूत घ्यायचंच असेल तर खुशाल तिसऱ्या महिन्यात उचला, मी भांडणार नाही आणि तूही भांडू नको. आणि उचललेले पैसे चालकाकडून ज्या खात्यात येतात ते खातं ट्रेडिंगला जोडलेलं नसावं. त्याच दिवशी सूतवाल्याला ट्रान्सफर, रात्र मध्ये जाऊ द्यायची नाही. शिवाय ब्रोकरच्या ॲपमध्ये फ्युचर्स-ऑप्शनचा सेगमेंट बंद करता येतो, नुसतं ॲप डिलीट करून काही होत नाही, पाच मिनिटांत परत येतं, सेगमेंट परत चालू करायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा खटाटोप, तेवढा वेळ पुष्कळदा पुरतो. ही झाली कबुतराची ती आधीची पायरी, आणि ती त्यांनी स्वतः दाबायची, तू चोरून दाबलीस तर काही उपयोग नाही.

बोली नकोच असेल तर चिठ्ठीची भिशी बघा. तिथं कुणाला काही सोडायला लागत नाही, ज्याची चिठ्ठी निघाली त्याला पूर्ण रक्कम. आणि गंमत बघ, कबुतरांवरच्याच दुसऱ्या प्रयोगांत असं दिसलंय की ठरलेल्या उशिरापेक्षा कमीजास्त होणारा उशीर त्यांना आवडतो, कधी लगेच कधी फार लांब, कारण ते एखाद्या वेळचं लगेच इतकं गोड लागतं. माझ्या जुन्या चिठ्ठी भिशीत दर महिन्याला बायका निव्वळ त्या एका मिनिटासाठी यायच्या, पोहे निमित्ताला. पण तुमच्यासारख्या धंदेवाल्याला चिठ्ठीचा भरवसा धरून सूत घेता येणार नाही हेही खरं, म्हणून अर्धी भिशी त्यात लावायची तर लावा.

तुझ्यासाठी वेगळं सांगते. विसावा नंबर सोड. चालकाचं घर, धंदा, जुन्या भिश्या, आधी कुणाचे पैसे अडकलेत का, हे विचारायला लाजू नको. आपल्याकडच्या बहुतेक भिश्या तोंडी असतात, १९८२ चा चिट फंड कायदा आहे, त्यात नोंदणी लागते, चालकाला रजिस्ट्रारकडं तारण ठेवावं लागतं, पण गल्लीतली भिशी तशी नोंदलेली नसते आणि फुटली की तक्रार घेऊन फिरताना आपलीच पंचाईत होते. तुला थांबायची एवढी हौस आहे तर पोस्टात आरडी काढ, व्याज कमी मिळेल, रात्री झोप लागेल. भिशीत फार तर दहाव्या-बाराव्याच्या आसपास उचल. तिथं सोडायला फार लागत नाही आणि मागं राहिलेली माणसं निम्मी असतात.

आणि सगळ्याच्या मुळाशी जो नव्वद दिवसांचा उशीर आहे त्याकडंही बघा की. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीये का? लहान उद्योगाला मालाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यायचे असं २००६ च्या कायद्यात आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आता तू म्हणशील मावशी, सहा लूमवाला माणूस आपल्या व्यापाऱ्यावर केस करणार का, दुसऱ्या दिवसापासून माल कोण घेईल? बरोबर आहे, मीही करा म्हणत नाही. पण एक गोष्ट अलीकडं झालीये, एप्रिल २०२३ नंतरच्या वर्षांपासून इन्कम टॅक्समध्ये असं आलंय की लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच. म्हणजे मार्चच्या आसपास व्यापाऱ्याचा सीएच त्याच्या मागं लागतो. तुमच्या बिलावर उद्यम नंबर छापलेला असेल तर केस न करताही थोडा फरक पडू शकतो. दोनशे रुपयाचं बिलबुक परत छापून घ्या, एवढाच खर्च. नव्वदचे साठ दिवस झाले तरी मिस्टरांची अर्धी घाई आपोआप उतरेल बघ, त्या पक्ष्यासारखी.

राहिला मुलगा.

बापावर गेलाय म्हणू नको गं. तू शेवटच्या दोन ओळींत स्वतःच सांगितलंयस की. मार्शमेलोचा प्रयोग ऐकला असशील, व्हॉट्सॲपवर फिरत असतो, लहान मुलासमोर एक गोड वडी ठेवायची आणि सांगायचं थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढं आयुष्यात यशस्वी झाली वगैरे. २०१८ मध्ये तो नऊशेहून जास्त मुलांवर पुन्हा तपासला तेव्हा घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर त्या यशातलं पुष्कळसं उतरून गेलं. पण मला त्याहून २०१३ चा अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. निम्म्यांना आधी एका बाईंनी सांगितलं, थांब, तुला चांगले रंग आणून देते, आणि खरंच आणून दिले. उरलेल्यांना तेच सांगितलं आणि हात हलवत परत आल्या, सॉरी, रंग नाहीयेत. स्टिकरचंही तसंच. मग गोड वडी समोर ठेवली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, १४ पैकी ९ तर पूर्ण १५ मिनिटं. ज्यांना फसवलं होतं ती सरासरी ३ मिनिटं, आणि १४ पैकी एकच शेवटपर्यंत थांबलं. धीर दोन्हीकडं सारखाच असणार, भरवसा नव्हता.

तुझ्या मुलानं गल्ल्यात टाकलेले पैसे मोठ्यांनी काढले आणि परत टाकले नाहीत. त्यावरून त्यानं जो हिशोब काढला तो अगदी बरोबर आहे, गल्ल्यातले पैसे जातात, पोटातला आईसफ्रूट कुणी काढून घेत नाही. मी अठराव्या नंबरवरून जो धडा शिकले तोच तो नवव्या वर्षी शिकला. त्याला धीराचं लेक्चर देशील तर तो ऐकून घेईल आणि दहा रुपये दुपारीच उडवेल.

तर या शनिवारी मिस्टरांना बाजूला बसव, गल्ला आण, आणि ८४० त्याच्यासमोर मोजून परत टाक, सुट्टे करून आण म्हणजे मोजायला वेळ लागेल. वर व्याजाचे म्हणून साठ टाक, नऊशे होतील. मिस्टरांना म्हणावं किल्ली त्याच्याकडंच राहू दे. आणि परत कधी नड लागलीच तर त्याला विचारून घे, तारीख सांग, आणि त्या तारखेला सकाळीच टाक, तो शाळेला जायच्या आधी.